मागून चाल बघणारा

आज सकाळी परत त्याच्या दारात जाऊन शिव्या खाऊन आलो. आजचा धरून पाच दिवस झाले. गावातले लोक विचारतात, तात्या, या वयात रोज उठून अपमान करून घ्यायला कशाला जाता? एकेकाला थांबून सांगायला माझ्यात दम नाही. म्हणून लिहितो. शाळा चौथीपर्यंत झाली, एक पान लिहायला दोन दिवस जातात, तेव्हा चुकलं असेल ते चुकलं.

काम एवढंच आहे, की त्याला नगरला नेऊन डोक्याच्या डॉक्टरला दाखवायचं. त्याच्या सुनेला दिसतंय, पोराला दिसतंय, मला तर सगळ्यांच्या आधी दिसलं. दिसत नाही ते फक्त त्याला. आणि हा तोच माणूस, ज्यानं चाळीस वर्षं दुसऱ्याच्या अंगाशिवाय काही बघितलं नाही.

तो आणि मी, आम्ही दोघं घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाल. जनावराचं वय कागदावर नसतं, तोंडात असतं. दुधाचे दात असले की आदत. पुढचे दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, आणि सगळे आले की जनावर जुळलं म्हणायचं. जुळल्यावर नवीन काही येत नाही, आहे ते झिजतं. झिजलेल्या दातावरनं वय सांगणं हे खरं काम, आणि त्यात त्याच्या तोडीचा दलाल बाजारात नव्हता. हे मी त्याच्यावर चिडलेला असतानाही लिहितो. डोळे मिटून म्हशीच्या ओठाखाली बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "तिसरं वेत झालंय, चौथ्याला गाभन हाय, अन् डाव्या अंगानं चावती." तिन्ही गोष्टी खऱ्या निघायच्या.

इथवर ठीक होतं. पण गड्यानं तीच मोजणी माणसांना लावली.

वय किती, असं त्यानं कधी कुणाला विचारलं नाही. आधार कार्डावरचं वय त्याला पटायचं नाही. लग्न झालं की पोरगं दुसं. लेकरू झालं की चौसा. आणि बाप गेला की माणूस जुळला. "तवर मानूस कुनाच्या तरी सावलीत हुबा असतोय," म्हणायचा. "म्होरचं डोकं हाललं की ऊन आपल्या टाळक्यावर."

माझा बाप गेला तेव्हा तेराव्याला हा आला. लोक येतात, दोन शब्द बरे बोलतात, चहा घेऊन जातात. यानं माझ्या समोर उकिडवं बसून माझं तोंड न्याहाळलं आणि म्हणला, "जुळलास. आता इथनं पुढं निसतं झिजायचं."

मी म्हणलं, "भडव्या, माझा बाप गेलाय."

"त्येच म्हनतोय."

असा माणूस. त्याला काय बोलायचं?

दुसरी खोड चालीची. कुणी भेटलं, बोलणं झालं, तो माणूस निघाला, की हा जागचा हलायचा नाही. त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचा. "तोंडाला सवय असती चांगलं दिसायची," म्हणायचा. "पाठीला कुनी शिकीवलंय?" सरपंचाचा गुडघा गेल्याचं सरपंचाच्या आधी यानं सांगितलं. हेडमास्तर रिटायर झाले, सत्कार झाला, गळ्यात हार घालून स्टेजवरून उतरले, तेव्हा हा माझ्या कानात म्हणला, "मास्तर भ्यालाय." मी म्हणलं, कशाला? तर म्हणला, "पायरी बघून पाय टाकतोय. कालपतुर बघत नव्हता. उद्या सकाळी उठून जायचं कुटं, हे त्येला ठावं न्हाई." सहा महिने मास्तर रोज दहाला शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. हे नंतर सगळ्या गावानं बघितलं.

कळतं ते मनात ठेवावं, हे त्याला कधी जमलं नाही.

दूध डेअरीचा सेक्रेटरी आणि त्याची बायको, दोघांची रोज भांडणं चाललेली. पोरं मोठी झालेली, घर चांगलं, तरी बाई भांडं आपटायची, रडायची, थंडीच्या दिवसात पदरानं वारा घ्यायची. सेक्रेटरी सगळ्यांना सांगत फिरायचा, की बाहेरचं काहीतरी झालंय, देवऋषी बघायला पाहिजे. एक दिवस डेअरीवर दुधाची रांग लागली होती, वीस-पंचवीस माणसं किटल्या घेऊन उभी. हा रांगेतनं ओरडला, "आरं, तिला बाहेरचं कायबी झालं न्हाई. तिचं वय झालंय. महिन्याचं बंद हुतंय, आतनं भट्टी पेटती. देवऋषी र्‍हाऊ दे, पंखा घे. अन् दोन वरीस तिच्याशी वाद घालू नगं."

रांगेत बायका होत्या. मला तर किटलीत तोंड घालावं वाटलं. सेक्रेटरी दांडकं घेऊन अंगावर आला. मी मधे पडलो, माझंच मनगट सुजलं. तरी हा दुसऱ्या दिवशी परत डेअरीवर. "पंखा घेतला का?" तिसऱ्या दिवशी, "पंखा घेतला का?" महिनाभर हेच. माणूस वैतागून मरेल. सेक्रेटरीनं शेवटी याचं तोंड बंद करायला म्हणून पंखा घेतला. आठवड्यानं त्याची बायको आमच्या घरी आली आणि आमच्या हिला म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला माझ्याकडनं चहाला बोलवा, पन घरात कुनी नसताना नगं, लोकं बोलत्याल." त्यावर आमची ही इतकी हसली, की चुलीवरचं दूध उतू गेलं.

ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन दोन उन्हाळे झाले. तिचं नाव मी कधी घेतलं नाही, आमच्यात तशी रीत नव्हती. आता घ्यावंसं वाटतं, तर हाकेला ओ द्यायला कुणी नाही.

तिचं आणि त्याचं जमायचं. मी चिडलो की ती त्याची बाजू घ्यायची. "भावजी खोटं कुटं बोलत्यात?" म्हणायची. माझ्या पोराची सोयरीक त्याच्यामुळं मोडायला आली होती, ती तिनं मोडू दिली नाही, ते सांगतो.

पोरगी बघायला संगमनेरच्या बाजूला गेलो होतो. शिकलेली पोरगी, कॉलेज केलेली. माझं पोरगं कंपनीत कामाला, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेलं. याला मी आणणार नव्हतो, हिनं आणलं. पोहे झाले, चहा झाला. पोरीचा बाप म्हणाला, मुलाला काही विचारायचं असेल तर विचार. पोरगी काही बोलेना. तेवढ्यात हा मला म्हणला, "ऊठ."

"कशाला?"

"ऊठ तर. त्या दरवाजापतुर चालत जा अन् ये."

लोकांसमोर नाही कसं म्हणायचं? मी उठलो. दरवाजापर्यंत गेलो, वळलो, आलो. हा पोरीला म्हणला, "बघितलंस बाळा? आज ह्यो पोरगा चांगला दिसतोय, दिसनारच. पंचवीस वर्सांनी तुला ह्यो बाप मिळनार हाय. प्वाट सुटंल. चिडका व्हईल. शुगर लागंल. घोरंल. पन दिस मावळायच्या आत घरी येईल, अन् बायकोला इचारल्याबिगर म्हैसबी घेनार न्हाई. चालत असंल तर व्हय म्हन."

माझ्या पोराचं तोंड लाल. पोरीचा बाप खुर्चीतून अर्धा उठलेला. मी मनात म्हणलं, संपलं, हा शेवटचा. इथनं बाहेर पडलो की याच्याशी बोलणं बंद. आणि पोरगी पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिनं मलाच विचारलं, "खरंच इचारता का वो त्यास्नी?" आमची ही मधेच म्हणाली, "इचारत्यात. ऐकत न्हाईत, पन इचारत्यात."

त्याच बैठकीत ठरलं. आता सूनबाई पुण्याहून फोन करते, "मामा, हे अगदी तुमच्यासारखे चिडायला लागलेत." मला त्यात आनंद मानावा की काय करावं कळत नाही.

माझं झिजणं तर त्यानं दिवसागणिक सांगितलं. पन्नाशीला पेंडीचं पोतं उचलताना मी आधी इकडंतिकडं बघतो, हे त्यानं धरलं. एसटीत कंडक्टर पोरीनं मला पहिल्यांदा 'बाबा, सरका' म्हणलं, तर हा मागच्या सीटवरनं, "काकाचा बाबा झाला रं!" अख्खी गाडी हसली. बाजारात आम्ही सौदा उपरण्याखाली करतो. दोघांचे हात कापडाखाली, बोटं दाबून भाव सांगायचा, बाहेर कुणाला कळत नाही. साठीनंतर एक दिवस माझ्या ध्यानात आलं, की माझा हात धरायला गिऱ्हाईक येईना. तरणी पोरं मोबाईलवर म्हशीचा फोटो बघून सौदे करायला लागली. मी कुणाला बोललो नाही. यानं मात्र चहाच्या टपरीवर सगळ्यांच्यात विचारलं, "आज कितींनी हात धरला? माझा दोगांनी." म्हणजे स्वतःचंही सांगायचा. तेवढा खोटेपणा त्याच्यात नव्हता.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

माझ्या नातवाचं जावळ होतं. पुण्याची मंडळी आली, पाहुणे आले, दारात मांडव, चाळीसएक माणसांची पंगत बसली. ही सकाळपासून उभी. हा ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता आणि जेवता जेवता थांबला. मी वाढत होतो. बघितलं, तर याचे डोळे हिच्या पाठीवर. ही नळावर जायची, हंडा न भरताच परत यायची, परत जायची. जेवून उठलेल्या माणसाच्या जागेवर तिनं परत पत्रावळ मांडली. मी म्हणलं, दमलीय.

हा उठला. पंगत चालू असताना मांडवाच्या मधोमध येऊन म्हणला, "वहिनींना नगरला न्या. उद्याच न्या. चालताना त्यांचा डावा हात हालत न्हाई. अन् जेवला का म्हनून मला तिसऱ्यांदा इचारलंय."

हिच्या हातात भाताचं पातेलं होतं. तिनं ते खाली ठेवलं, पदर नीट केला आणि घरात गेली. पाहुण्यांतली एक म्हातारी 'अगं बाई' एवढंच म्हणाली.

मी त्याचा दंड धरला आणि फाटकापर्यंत ओढत नेलं. म्हणलं, "माझी बायको काय बाजारातली म्हैस हाय? चालता हो. परत या दारात पाय ठेवलास तर तंगडं मोडीन."

तो म्हणला, "ने तिला."

मी म्हणलं, "चालता हो!"

तो गेला.

पाहुणे पांगल्यावर मी आत गेलो. ही पाटावर बसलेली. म्हणाली, "मला खरंच आठवत न्हाई वो, मी त्यास्नी इचारलं का ते."

"दमलीस तू."

"भावजी खोटं कुटं बोलत्यात?"

मी म्हणलं, "गप बस आता." हे मी म्हणलं. याच तोंडानं.

आठ महिने तो आला नाही. रस्त्यात दिसलो तर पलीकडच्या कडेनं जायचा. मी माझ्या ताठ्यात. हिचं मागंपुढं चाललेलं, कधी भाजीत दोनदा मीठ, कधी बरी. पाऊस लागला, कांद्याची लागण आली, दिवाळी झाली. मग एके दिवशी गोठ्यात पडली ती उठलीच नाही, डावी बाजू गेलेली. नगरला नेलं. डोक्यात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. काहीतरी म्हणजे काय, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पंधरा दिवसांत गेली.

प्रवरासंगमला दहावा झाला. सगळे पाण्याजवळ, हा लांब पिंपळाखाली उभा, टोपी हातात. दोन दिवसांनी आपणहून घरी आला आणि ओसरीवर बसला. मी चहा केला, पांचट झाला. त्यानं पिला. त्या दिवसावर तोही बोलला नाही, मीही नाही. नंतर रोज येऊ लागला.

पण माझ्या पोटात राग तसाच. लोकांना वाटेल, त्यानं चारचौघांत सांगितलं म्हणून. तसं नाही. सेक्रेटरीच्या पंख्यासाठी महिनाभर रोज बोंबलणारा हा माणूस. माझी ढेरी, माझे गुडघे, माझं घोरणं हजार वेळा ऐकवलं यानं. आणि जे खरं सांगायचं होतं, ते एकदा सांगून गेला. मी हाकलला म्हणून जायचं असतं का? दुसऱ्या दिवशी यायला पाहिजे होतं. मी परत हाकलला असता. तिसऱ्या दिवशी यायला पाहिजे होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी मी वैतागून का होईना, तिला गाडीत घातलं असतं. आयुष्यात एकदाच यानं माझं ऐकलं, ते नेमकं तेव्हा.

हे सगळं मनात असताना त्याचंच सुरू झालं.

आमच्या शेजारच्या वस्तीवर एक बाई आहे, नवरा नाही, दुधावर घर चालवते. तिला म्हैस घ्यायची होती. याच्यावर डोळे झाकून भरवसा. यानं बाजारात म्हशीच्या तोंडात बोट घातलं, म्हणला, "दुसऱ्या वेताची. बिनघोर न्या." चार दिवसांनी तिनं मला बोलावलं. मी गोठ्यात गेलो, ओठ वर केला, बोट फिरवलं. दात कानशीनं घासून बारीक केलेले, कानशीच्या रेघा बोटाला लागत होत्या. शिंगावरची वय सांगणारी वळी काचेनं खरवडून वर तेल चोपडलेलं. म्हातारी म्हैस, सहा-सात वेतं झालेली. ही लबाडी बाजारात शिकाऊ दलालसुद्धा ओळखतो. पूर्वी घासलेला दात हा दहा पावलांवरून सांगायचा.

याला सांगितलं, तर म्हणला, "मी बघितली ती म्हैस येगळी. रस्त्यात टेम्पोवाल्यानं बदलली."

अख्ख्या गावाला हेच सांगत फिरला. टेम्पोवाला चांगला माणूस, त्याच्या अंगावर धावून गेला. शेवटी याच्या पोरानं म्हैस परत करून बाईला दुसरी आणून दिली आणि वाद मिटवला.

पुढच्या बाजारी मी मुद्दाम त्याच्यासोबत गेलो. एका म्हशीच्या तोंडात त्यानं बोट घातलं आणि तसाच उभा राहिला. मालक वाट बघतोय, म्हैस मान झटकतेय. यानं माझ्याकडं बघितलं. बाजारात चाळीस वर्षं मी त्याच्याकडं बघायचो, तो माझ्याकडं नाही. बोट कशाला घातलंय, हे त्याला आठवत नव्हतं. मीच म्हणलं, "चल, जमत न्हाई सौदा," आणि त्याला बाजूला घेतलं.

मग त्याची सून माझ्याकडं आली. पोरगा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. म्हणाली, "तात्या, आबा मोटरसायकल घेऊन गेल्ते घोडेगावला, अन् दूधवाल्यानं पांढरीपुलावरनं आनून सोडलं. गाडी रस्त्याच्या मधी हुबी करून बसल्याले. म्या दवाखान्याचं नाव काढलं की ताट भिरकावत्यात. तुमीच सांगा."

"माझं ऐकतोय का त्यो?"

"ऐकत न्हाईत. पन तुमाला ताट मारनार न्हाईत."

गेलो. तो दारात खाटेवर. सरळच बोललो, मला गोल फिरवून बोलता येत नाही. म्हणलं, "तुझं डोकं दाखवाया पायजे."

"कुनाचं?"

"तुझं."

"का? शिंगं फुटली का काय?"

"घोडेगावचा रस्ता चुकलास."

"रस्ता नवा केलाय त्यांनी. तूबी चुकशील."

"अन् म्हैस?"

"म्हैस बदलली म्हनून सांगितलं न्हाई का! तूबी त्या टेम्पोवाल्याचा?" खाटेवरनं उठला. "चालता हो! तूच र्‍हायला हुतास मला याडा ठरवायला!"

मी चपला घातल्या आणि घरी आलो. दुपारभर डोकं सणकलेलं. म्हणलं, खड्ड्यात जा. कुणी सांगितलंय? माझं मला होत नाही. चुलीजवळ बसून भाकरी थापायला घेतली, ती फाटली. ही असती तर म्हणाली असती, भावजींकडं परत जा. ती असायला पाहिजे होती म्हणायला.

दुसऱ्या दिवशी गेलो. त्यानं मला बघून दार लावून घेतलं. मी ओट्यावर तासभर बसलो आणि आलो. तिसऱ्या दिवशी दार लावलं नाही, पण मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणला, "आदी तू दवाखान्यात जा. भिताडाला हात लावून चालतोस. पायाला मुंग्या येत्यात का न्हाई?" येतात. महिनाभर येतात, कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे बघा, स्वतःच्या घराचा रस्ता सापडत नाही आणि माझ्या पायाच्या मुंग्या दिसतात! असल्या माणसाशी कसं वागायचं? चौथ्या दिवशी शिव्या. पाचव्या दिवशीच्या तर लिहिण्यासारख्या नाहीत.

वरचं लिहून झालं, त्यानंतरही जातच राहिलो. मी सावकाश लिहितो, म्हणून तेवढ्यात पुढचं घडलं.

आठव्या दिवशी तो शांत होता. मला खाटेवर जागा केली. सुनेला म्हणला, चहा टाक. मी म्हणलं, आज बरा दिसतोय, आज ऐकेल. तर त्यानं माझ्या मांडीवर हात ठेवला आणि विचारलं, "वहिनींचं काय म्हनतंय? नेलं का नगरला? मी तुला सांगितलं हुतं."

सून चहाचा कप घेऊन दारातच थांबली.

त्याच्या डोक्यात ती अजून आहे. अजून वेळ आहे. मला वाटलं, त्याच्या डोक्यात जाऊन बसावं. मग म्हणलं, "न्हाई नेलं."

"ने गड्या."

"हां."

चहा घेतला आणि आलो. त्या दिवशी शिव्या मिळाल्या नाहीत, आणि तोच दिवस सगळ्यांत वाईट गेला.

नवव्या दिवशी बघितलं, तर तो नीट होता. कालचं काही आठवत नव्हतं, पण ती गेल्याचं आठवत होतं. ती गेल्यापासून मी त्याच्यावर आवाज चढवला नव्हता, तो चढवला. म्हणलं, "एकदाच का सांगितलंस? परत का आला न्हाईस?"

कशाबद्दल, असं त्यानं विचारलं नाही. म्हणला, "वहिनींचं तोंड बघितलं मी. पातेलं खाली ठेवलं तवाचं. मी जल्मभर लोकांच्या पाठी बघितल्या, बोललो, मोकळा झालो. कुनाचं तोंड कसं हुतंय ते बघायला थांबलो न्हाई. त्या दिशी दिसलं. परत त्यांच्या म्होरं यायची छाती झाली न्हाई."

"माझ्यासाठी तरी यायचंस."

"तू तंगडं मोडनार हुतास."

"मोडलं असतं. मग?"

"व्हय," म्हणला. "मोडलं असतं तरी यायला पायजे हुतं."

आणि लगेच, "पन मी दवाखान्यात येनार न्हाई. चालता हो."

मी म्हणलं, "हुतो. उद्या येतो."

दहाव्या दिवशी गेलो. त्यानं फक्त, "आला का साडेसाती," म्हणलं आणि कूस बदलली.

अकराव्या दिवशी मला उशीर झाला. पायाला मुंग्या फार होत्या, धारा काढायलाच नऊ वाजले. सावकाश पाय टाकत गेलो, तर हा फाटकात उभा. धुतलेली टोपी, बाजारात घालायचा सदरा, त्याची वरची बटणं एक घर सोडून लावलेली. सून मागं पिशवी घेऊन, मला खुणेनं सांगतेय की काही बोलू नका.

"किती वाजले?" त्यानं विचारलं. "कवाचा हुबा हाय मी. रोज सकाळी येऊन डोकं खातोस, अन् आज पत्ता न्हाई?"

"कुटं निघालास?"

"तूच सांग कुटं. तूच नेनार हायस ना?" मग माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणला, "येतो. पन एक ऐक. डाक्टरम्होरं मी बोलनार. तू तोंड उघडायचं न्हाई. गप बसायचं."

"बरं," म्हणलं.

गावातल्या एकाची जीप सांगितली. नगरला दवाखान्यात दोन तास बसलो. हा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाठी बघत होता आणि मला हळूच सांगत होता, याचं कंबरडं, तिचं लिव्हर. नंबर आला. डॉक्टर तरणा, पस्तिशीचा. यानं बसायच्या आधी त्याला विचारलं, "लगीन झालं का?" झालंय म्हणाला. "लेकरू?" व्हायचंय म्हणाला. हा माझ्याकडं वळून म्हणला, "दुसा हाय." मी कपाळाला हात लावला.

डॉक्टरनं वही पुढं ओढली. "बोला बाबा, काय त्रास होतोय?"

"मला?" हा म्हणला, ऐटीत, छाती काढून. "मला कायबी त्रास न्हाई. ह्यानं आनलंय. ह्येलाच तपासा, पायाला मुंग्या येत्यात ह्येच्या."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागला. सून खाली बघत होती. मी खुर्ची पुढं ओढली आणि म्हशीपासून सुरुवात केली. घासलेले दात, टेम्पोवाला, बाजारात तोंडात बोट घालून उभा राहिलेला, पांढरीपुलावर रस्त्याच्या मध्ये लावलेली गाडी, आणि गेलेल्या माणसाचं कसं आहे म्हणून विचारलं ते. एकेक करून सगळं सांगितलं. तो माझ्याकडं डोळे वटारून बघत होता, टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होता. मी थांबलो नाही.